आडवाटेचा सोबती

प्रिय ठमे,

आधी खरं काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी बाथरूममध्ये पडलो नाही. तू एक्स-रेचा फोटो मागवलास आणि दोन दिवसांनी फोन करून म्हणालीस, "बाबा, ओल्या फरशीवर घसरून घोटा असा पिळवटत नाही," तेव्हाच मी ओळखलं की आपलं बिंग फुटलं. जी मुलगी दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो काढते तिला बापाने हाडाबद्दल थाप मारू नये, एवढी अक्कल मला या वयात असायला हवी होती.

मी मोटरसायकलवरून पडलो. वाळवंट ओलांडून डोंगरात शिरलो होतो, चौथ्या दिवशी. आणि माझ्याबरोबर टेलिफोन खात्यातली जुनी मंडळी नव्हती. ती आता कुठली यायला! एकाचे गुडघे गेले, दुसऱ्याला बायको अंगणाबाहेर सोडत नाही, तिसरा तर गेल्या साली आपल्यातून गेलाच. बरोबर तो होता. 'तुझा' लिहीत होतो, पण ते आता बरोबर नाही. आमचा जावई होता तो. एकदा नाही, तुमचं मोडल्यापासून ही तिसरी खेप.

तू आता कागद खाली ठेवला असशील. घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच, कारण मला हे एकदाच सांगायला जमणार आहे.

थंडी सरते आणि ऊन अजून तापायचं असतं, ते तीन आठवडे मला घरात बसवत नाही हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. तीस वर्षं ज्या वाटांवर तारा ओढल्या, खांब चढलो, त्या वाटा पायांना आठवतात. खांब काढून नेले, वाटा राहिल्या. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने विचारलं, मीही येऊ का? मी मनात हसलो. दिवा लावून टेबलापाशी कवळ्या घासत बसणारा हा माणूस, दुसऱ्या दिवशी कंबर धरून परत फिरेल असं वाटलं. फिरला नाही. वाळूत टायरची हवा किती कमी करायची हे मी त्याला एकदाच दाखवलं, आणि पुढच्या वर्षी तोच मला सांगत होता. पंक्चर तर असं काढतो की बघत बसावं. दात बसवणाऱ्याचे हात ते! माझी कवळी त्यानेच केलेली, हे तुला माहीतच आहे. तुमचं फाटल्यावर मी रागाने दुसरीकडून नवी करून घेतली. तीन दिवस हिरड्या सोलून निघाल्या आणि मुकाट्याने जुनी तोंडात घातली. जावई गेला, दात त्याचेच राहिले. तुझी आई हे सगळ्यांना सांगून हसते, मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं.

मग तुमचं मोडल्यानंतरचा पहिला वसंत आला. मी अंगणात साखळीला तेल देत होतो आणि त्याचा फोन आला. आधी 'बाबा' म्हणाला, मग 'काका' म्हणाला. शेवटी विचारलं, "यंदा जाणार आहात?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "शुक्रवारी सकाळी." असं का झालं ते मला आजही सांगता येत नाही. त्या दौऱ्यात त्याने मला कशानेच हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की मागून हॉर्न वाजवायचा. एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे पुढे खड्डा आहे. तुझा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तुझ्या आईला मी काही बोललो नव्हतो, पण डबा उघडला तर दोघांना पुरेल इतकं भरलेलं. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका. मी फक्त डबा भरला."

यंदाचे पहिले तीन दिवस फार चांगले गेले, ठमे. वाळूत पंधरा दिवसांपुरती ती बारीक पिवळी फुलं येतात ना, ती आली होती. चाक कुठून न्यावं कळेना, इतकी. मग चढ लागला, खडी लागली, वळणावळणाला बर्फाचं पाणी रस्त्यावर आलेलं. खिंडीच्या खाली दरड कोसळली होती. रस्ता साफ होईपर्यंत मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत बसून राहिलो. रोलर चालवणाऱ्याच्या बायकोने चहा दिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मुलगा का तुमचा?" मी "हो" म्हटलं. सवयीने म्हटलं की मनापासून, तूच ठरव. त्याने बूट सोडून पुन्हा बांधायला घेतले.

तिथे मी त्याला पहिल्यांदा विचारलं. म्हटलं, इतकी वर्षं विचारलं नाही, पण तुमच्यात नेमकं काय बिनसलं? तू आम्हाला एवढंच सांगितलं होतंस की घरात दोन माणसं असून एकटं वाटतं. मला वाटलं तो आता तुझ्यावर काहीतरी ढकलेल, मग मीही चार शब्द सुनावीन आणि प्रकरण एकदाचं मिटेल. तो म्हणाला, "ती जे सांगेल तेच खरं. माझं चुकलंच." बस्स. आता एखाद्याचा राग धरायचा तर त्याने थोडा तरी हातभार लावायला नको का?

आणि मग, चहाचा कप खाली ठेवून, त्याने सांगितलं की तो पुन्हा लग्न करतोय. त्याच्या कामाच्या ठिकाणी हिशेब बघणारी बाई आहे, तिला सात वर्षांची मुलगी आहे. कचेरीत सह्या करून लग्न, गाजावाजा नाही. त्याला वाढवणारा मामा आता नाही. त्याच्या बाजूने वडीलधारं म्हणून सही करायला तुम्ही याल का, असं त्याने विचारलं. कपाकडे बघत विचारलं.

मला काय झालं ते मी अजून उलगडतो आहे. आनंद झाला नाही. वाईट वाटलं म्हणावं तर कुणासाठी? तुझ्यासाठी म्हणावं, तर तूच त्याला सोडून आलीस, आणि आता छान आहेस. माझ्यासाठी म्हणावं, तर माझा काय संबंध? पण डोकं असं भणाणलं की रस्ता मोकळा झाल्याबरोबर मी किक मारली आणि सुटलो. मागून हॉर्न वाजत होता. एकदा, पुन्हा एकदा. मी थांबलो नाही. उताराला एक फाटा आहे. डावीकडे गाव, उजवीकडे जुनी खांबांची वाट. तीस वर्षं पाठ असलेला फाटा मी चुकलो. गावाऐवजी उजवीकडे वळून कोरड्या ओढ्यात उतरलो, गोट्यांवरून पुढचं चाक सटकलं आणि गाडी पायावर आली.

चार तास तिथे पडून होतो. पाय ओढून काढला, पण उभं राहवेना. ऊन होतं, वारा होता, हाक मारून उपयोग नव्हता. तुला खरं सांगू? तेव्हा मी त्याला शिव्या देत होतो आणि त्याचीच वाट बघत होतो. तो गावापर्यंत जाऊन, मी नाही म्हणून परत फिरून, फाट्यावरच्या धुळीत माझ्या टायरची नक्षी शोधत आला. आला तो इतका चिडलेला की मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. "अक्कल आहे की नाही? तुम्हाला काही झालं असतं तर मी तिला काय सांगणार होतो?" असं ओरडला माझ्यावर. बायकोच्या बापावर ओरडावं तसं नाही, स्वतःच्या बापावर ओरडावं तसं. 'तिला' म्हणजे तुला, ठमे. मग माझ्या बुटाची नाडी सोडायला गेला आणि गाठ आणखीच आवळून ठेवली. ते हात चुकतात हे मला माहीत नव्हतं.

त्याने दोन फळकुटं लावून पाय बांधला, मला मागे बसवलं आणि वीस कोसांवरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्याच्या पाठीला धरून बसलो होतो. वारा तोंडावर येत होता. मी म्हटलं, "येईन सही करायला." त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. मीही पुन्हा म्हटलं नाही, त्यानेही पुन्हा विचारलं नाही. फक्त काल टपालाने त्याच्याकडून लग्नाच्या साक्षीदाराचा अर्ज आला. म्हणजे ऐकलं असावं.

म्हणून हे पत्र. लग्न पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आहे. कुणाच्या तरी तोंडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं. परवानगी मागत नाही. ती मागितली तर 'नाही' म्हणायचं ओझं तुझ्यावर पडेल आणि ते बापाने मुलीवर टाकू नये. मी जाणार आहे. तुझ्यावरची माझी माया तसूभर कमी नाही, आणि तरी जाणार आहे. ही दोन वाक्यं एकाच कागदावर कशी राहतात ते मला कळत नाही, पण दोन्ही खरी आहेत. राग आला तर ये, तोंडावर भांड, फक्त फोन उचलायचं थांबवू नकोस. अर्जात नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. पुढचा रकाना आहे, 'वराशी नाते'. सकाळपासून त्याच्यासमोर बसलो आहे. सासरा लिहावं तर नव्या नवरीचा अपमान, वडील लिहावं तर खोटं, मित्र लिहावं तर हसू येतं. तुझी आई म्हणते, ज्याला माहीत आहे त्याला विचारा. मला वाटतं, ते तुलाच माहीत असेल. काही सुचलं तर कळव. नाही सुचलं तर 'परिचित' असं लिहीन, आणि ते खोटं आहे हे आपल्याला चौघांनाही ठाऊक असेल.

तुझाच, पेन उघडं ठेवून बसलेला,
बाबा