सभा ठीक पाच वाजता

३ मे, शनिवार
आजपासून रोजनिशी. वाचनालयाचा अध्यक्ष होणाऱ्या माणसानं रोजचं लिहून ठेवलेलं बरं. पुढं कुणी काही विचारलं तर हातात कागद हवा.

महादेवप्पा अण्णा अध्यक्षपद सोडतायत. वय चौऱ्याऐंशी, दर वेळी वळसंगाहून येणं होत नाही. २५ तारखेच्या ट्रस्टच्या सभेत नवा अध्यक्ष निवडायचा. नवा म्हणजे मीच. एकोणीस वर्षं सचिव आहे. अकरा विश्वस्तांत ट्रस्टची घटना शेवटपर्यंत वाचलेला मी एकटा.

जगदेवीला सांगितलं. म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा. बायकोला संस्थेचं काही कळत नाही.

७ मे, बुधवार
दमलोय. नोटीस लिहायला बसलो आणि शेवटच्या वाक्याशी हात थांबला. एकोणीस वर्षं तेच वाक्य: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.'

या वाक्यानं आमचं वाटोळं केलं. सभा पाचची म्हटली की लोक साडेपाचला येतात. पाचला वाचनालयात फक्त वॉचमन नागप्पा आणि पंखा. मग चारजण जमतात, मंजूर मंजूर म्हणतात, चिवडा खातात, उठतात. वरची अभ्यासिका मुलींसाठी नऊपर्यंत उघडी ठेवायचा विषय सहा वर्षं लोंबकळतोय. दर वेळी तेच चौघं म्हणतात, सगळे आल्यावर बघू.

वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं: 'सभा ठीक ५ वाजता सुरू होईल. उशिरा येणाऱ्याचे नाव कोणत्याही पदासाठी विचारात घेतले जाणार नाही.'

वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

१२ मे, सोमवार
नोटिसा पोचल्या. गुरुशांतचा फोन. तो चादरीच्या दुकानातून हलत नाही, पण विश्वस्त आहे. विचारत होता, ते अर्ध्या तासाचं वाक्य चुकून राहिलं का. म्हटलं, राहिलं नाही, काढलं. त्यानं दोनदा विचारलं, म्हणजे पाचलाच यायचं? अध्यक्षपदासाठी माझं नाव तोच सुचवणार. तसं बोललेला नाही, पण मागच्या सभेत चहाचा कप त्यानं स्वतः माझ्यापुढं सरकवला होता.

धनलक्ष्मी मॅडमचाही फोन. शाळेत गणित शिकवतात, विश्वस्त होऊन दोनच वर्षं झाली. म्हणाल्या, फार चांगलं केलंत, मी सगळ्यांना फोन करून वेळेची आठवण देते. बाई उत्साही आहेत. अध्यक्ष झाल्यावर त्यांना एखादी उपसमिती देईन.

१८ मे, रविवार
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अध्यक्षीय भाषण पाठ करायचं. आज साडेआठला उठलो. रविवार होता.

१९ मे, सोमवार
पाण्याचा दिवस. भांडी भरण्यात सकाळ गेली. भाषण उद्या.

२४ मे, शनिवार
भाषण राहू दे. मनापासून बोललेलं लोकांना जास्त आवडतं.

उद्याचं इतिवृत्त लिहून ठेवलं. सभेचं इतिवृत्त मी आदल्या दिवशीच लिहितो, गडबड होत नाही. 'अध्यक्षपदी सचिव श्री. सिद्धलिंगप्पा यांची एकमताने निवड. सूचक श्री. गुरुशांत, अनुमोदक श्रीमती धनलक्ष्मी. टाळ्यांचा कडकडाट.' नंतर कडकडाट जरा जास्त वाटला. पण रजिस्टरमध्ये खाडाखोड बरी दिसत नाही.

२५ मे, रविवार. दुपारी ४
इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय. शांतपणे विचार केला. नोटिशीत ठीक पाच लिहिलंय खरं, पण पाचला येणार कोण? एकोणीस वर्षांत कुणी आलेलं नाही. मी तरी कुठं गेलोय? 'पाच वाजता सचिव उपस्थित' असं इतिवृत्तात असतं, तेव्हा मी घरी चहा पीत असतो. रिकाम्या खुर्च्यांसमोर भावी अध्यक्षानं ताटकळणं शोभत नाही. साडेपाचला जाईन. सगळे बसलेले असतील, मी आत येईन, सुरू.

फोन सायलेंटवर टाकला. अध्यक्षानं पहिल्या रिंगला फोन उचलू नये, आतापासूनच सवय हवी.

जगदेवी म्हणाली, नोटीस तुम्हीच लिहिलीत ना? म्हटलं, नोटीस लोकांसाठी असते. 'साकु,' म्हणाली, म्हणजे पुरे. वैतागली की ती कानडीत जाते.

२६ मे, सोमवार
काल लिहवलं नाही.

साडेपाचला पोचलो तर नागप्पा खुर्च्या एकात एक घालत होता. मला बघून हातातली खुर्ची खाली ठेवली. म्हणाला, "मिटिंग झाली की सायेब. पाचच्या ठोक्याला समदी आली व्हती. तुमीच तेवढं न्हाईत."

बाकीचं त्याच्याकडूनच कळलं. नोटिशीतलं अर्ध्या तासाचं वाक्य दिसलं नाही म्हणून लोक घाबरून वेळेवर आले. गुरुशांतनं माझं नाव खरंच सुचवलं होतं. धनलक्ष्मी मॅडमनी मला तीन फोन लावले, दहा मिनिटं थांबू या असंही म्हणाल्या. पण महादेवप्पा अण्णांनी खिशातून नोटीस काढली, चष्मा लावून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "सचिवांनीच लिवलंय हे. त्यांच्या शब्दाचा मान आपण न्हाय ठेवायचा तर कुणी?"

सगळ्यांना पटलं. माझा मान राखण्यासाठी मॅडमना अध्यक्ष केलं. मग मुलींची अभ्यासिका नऊपर्यंत उघडी ठेवायचा विषय निघाला. पाच मिनिटांत मंजूर.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

आज सकाळी मॅडम घरी आल्या. सभेच्या नोंदींचा कागद दिला, म्हणाल्या, इतिवृत्त तुम्हीच लिहा सर, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. जगदेवीनं त्यांना पोहे दिले. मी रजिस्टर मांडीवरून खाली ठेवलं नाही.

त्या गेल्यावर उघडलं. पानांना नंबर आहेत, फाडता येत नाही. कडकडाटासकट सगळ्या पानावर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. पुढच्या पानावर लिहायला घेतलं. सभा सुरू ५ वाजता. उपस्थित दहा. गणपूर्ती झाली. अध्यक्षपदी श्रीमती धनलक्ष्मी, एकमताने. सचिव गैरहजर. कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो. शेवटी 'वैयक्तिक' लिहिलं.

एकोणीस वर्षांतलं हे पहिलंच खरं इतिवृत्त. अक्षर मात्र चांगलं आलंय.