खंगलेल्या गाईचं वासरू

आई, इथे आखातात, सुलैबियातल्या त्या फार्मबद्दल मी तुला फोनवर एकदाच सांगितलं होतं. इथली वासरं मांसासाठी वाढवतात, असं चाचरत बोललो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, ‘आसत तवसर तेंका पोटभर घाल रे.’ त्याच वर्षी तू गेलीस. मला सुट्टी मिळेपर्यंत तुझं बारावंही उरकलं होतं.

परत आलो ते थेट कामावर. माझं काम नोंदींचं. वासरू दुधावरून तोडलं की त्याला काट्यावर चढवायचं आणि वजन त्याच्या आईच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरापुढे लिहायचं. कुठली गाय ठेवायची, कुठली काढायची, ते त्यावरून ठरवायचं. पण आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा. एका सकाळी तो बरगड्या वर आलेल्या गाईसमोर थांबला. ‘ये खलास, ट्रक में डालो,’ म्हणाला आणि शेजारच्या गुबगुबीत गाईची पाठ थोपटली. वाद दिसला की मी पळ काढतो, तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी मात्र अडून बसलो. ‘मुदीर, इसका बच्चा देखो, सबसे भारी, हर साल. सब दूध उसको देती है, इसलिए सूखी है. ये मोटीवाली तो दो साल से खाली है, बच्चा ही नहीं दिया.’ त्याने नोंदी नीट पाहिल्या. कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये शेवटी ती गुबगुबीत चढली. जिंकलो म्हणावं, तर तेही धड नाही.

हे कुणाला तरी सांगायचं होतं. खोलीतले सुतार, वेल्डर पत्ते कुटत होते. ‘गाय वाचवलंस मां? मगे पेढे काढ!’ म्हणून हसले. मीही हसलो आणि भांडी घासायच्या निमित्ताने नळ सोडून रडलो. त्या गाईत मला तू दिसली होतीस, आई; रागावू नकोस. आम्ही भावंडं कशी टुमटुमीत होतो! तुझ्याकडे बघून शेजारणी म्हणायच्या, ‘हिच्या आंगाक खाल्लेला लागना नाय.’ आम्हीही तेच खरं धरलं. तू सगळ्यांमागून, चुलीपाशी एकटी जेवायचीस. ताटात काय असायचं, कुणी डोकावून पाहिलं नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? फार्म कधीच सुटला. आता सालमियात एका खोलीत राहतो, एकटाच जेवतो. सवय झाली, असं विचारेल त्याला सांगतो. झालेली नाही. तुला तरी झाली होती का गं?