पाण्याची ओळ

२ एप्रिल

चि. ठोंब्यास, ताईचे अ. उ. आ. इकडे सगळे क्षेम, माझं डोकं तेवढं सोडून.

आकाश निरभ्र असल्याचा आज नववा दिवस. नऊ दिवस मी डोंगर चढणाऱ्यांसाठी तेच पत्रक लिहितेय: आकाश स्वच्छ, वारा मंद, माथ्यावर सुखद ऊब. हवामान ऑफिसात सगळे खूश, वैतागलेली मी एकटीच. कड्यावर दुपारी सावली नावाला नाही, वारा पडलेला, आणि खिंडीखालचा झरा आटल्याचं वनरक्षक परवाच सांगून गेला. लोक मात्र बागेत फिरायला निघाल्यासारखे एक बाटली घेऊन वर जातात. साहेबांचं म्हणणं, इतक्या छान हवेत लोकांना कशाला घाबरवायचं. तीन दिवस भांडले तेव्हा कुठे एक ओळ पदरात पडली: झरा आटला आहे, माणशी चार लिटर पाणी न्यावे. उद्या सकाळी सहाच्या फोनवर पत्रक सांगताना ती सांगेनच. पायथ्याच्या तुझ्या निवाऱ्याबाहेरच्या फळ्यावर ठळक लिही.

आता खरं दुखणं. बाबा रविवारी एकटेच माथ्यावर जायचं म्हणतात. वय एकाहत्तर, त्यात रक्तदाबाची गोळी. मी अडवलं तर म्हणाले, हवा छान आहे असं तूच रोज लिहितेस ना. जन्मात त्यांनी माझं एक ऐकलं असेल तर शपथ. कामाच्या फोनवर साहेब कानाशी उभे असतात, म्हणून हे पत्र. तू त्यांना थोपव, नाहीतर निदान पाणी तपासून मग सोड.

चिडचिड साहेबांवरची आहे, तुझ्या वाट्याचा लोभ शाबूत आहे.

तुझी ताई

६ एप्रिल

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

कालच्या निरोपात बाबा ठीक आहेत एवढंच कळवता आलं. खरंच ठीक आहेत. माझ्या खोलीत पडून सलाइनला नावं ठेवताहेत.

तुझं पत्र आज सकाळच्या बसने आलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. बाबा काल आठला इथे उगवले, तेव्हा निवाऱ्यात साठ माणसं चहाला आणि शेगडी एकच. मी लांबूनच हात केला. दुपारी तीनला दोघा गिर्यारोहकांनी त्यांना आधार देत खाली आणलं. कोरड्या झऱ्यापाशी बसलेले सापडले, ओठ फुटलेले, घरचा पत्ताही सांगता येईना. आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आल्यापासून बाबा येईल त्याला ऐकवताहेत की पाण्याबद्दल कुणी अवाक्षर लिहिलं नव्हतं. म्हातारं माणूस, तू मनावर घेऊ नकोस. शनिवारी मीच आणून सोडतो.

तुझ्या रागासकट तुझाच,
ठोंब्या

८ एप्रिल

चि. ठोंब्यास अ. आ.

मनावर घेऊ नकोस म्हणतोस, मग कुठे ठेवू? पाण्याबद्दल इशारा नव्हता अशी त्या दोघा गिर्यारोहकांनी ऑफिसात तक्रार दिली. साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय आणि पाण्याची ओळ पत्रकातून काढून टाकलीय. म्हणे, असून तरी काय उपयोग झाला. झरा अजून कोरडाच आहे आणि लोक चढताहेतच. माझ्या पत्रकावर विसंबून माझेच बाबा मरता मरता वाचले, या विचाराने दोन दिवस घास उतरलेला नाही.

शुक्रवारी ती ओळ मी तुला दोनदा सांगितली. तू हो म्हणालास. फळ्यावर काय होतं? विनोद न करता लिही.

बाकी लोभाचं काय ते उत्तर आल्यावर बघू.

ताई

१० एप्रिल

ति. ताईस शि. सा. न.

फळ्यावर तुझी ओळ नव्हती. नऊ दिवस मजकूर तोच, म्हणून मी फळा पुसणंच सोडलं होतं. नुसता तारखेचा आकडा बदलायचो. शुक्रवारी तू सांगत होतीस तेव्हा दूध उतू जात होतं. हो हो म्हटलं, मागाहून लिहू म्हटलं आणि राहून गेलं. शनिवारी, रविवारी हाताच्या सवयीने पुन्हा आकडाच बदलला. सोमवारी पत्र लिहितानाच हे ठाऊक होतं, पण लिहायचा धीर झाला नाही. तुझ्या साहेबांना सगळं कळवलंय. आता ओळ फळ्यावर आहे, त्यांनी काढली असली तरी. सोबत बाबांची चिठ्ठी आहे.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

ठोंब्या

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाने कबुली दिली. त्याची मी यथेच्छ हजेरी घेतली. तुझ्या साहेबांनाही लिहिलंय.

तू घरी कटकट केलीस म्हणून मी पिशवीत चार बाटल्या भरल्या होत्या, तुला दिसू न देता. पायथ्याशी फळ्यावर तुझं पत्रक दोनदा वाचलं. पाण्याचा शब्द नाही. म्हटलं, घरी बोलते ती पोरीची काळजी, पण लिहिते ते तिचं काम, आणि कामात ती काही सोडत नाही. तीन बाटल्या तिथल्याच बाकावर काढून ठेवल्या.

मी तुझं कधी ऐकत नाही अशी तुझी तक्रार आहे. त्या दिवशी ऐकलं होतं.

उद्या येतोच आहे. काय बोलायचं ते समोर बोल.

तुझे बाबा