डब्यातलं अभ्रक

चिरंजीव भाऊजी,

वहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुम्ही वयानं माझ्याहून चांगले थोर, पण नात्यानं धाकटे, तेव्हा मान खाली घालून मुकाट्यानं घ्यायचे. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते निदान माझ्याशी बोलतात तरी. (तुमच्याबद्दल तसं म्हणता येत नाही.) धाकट्या जावेनं फोनवर सांगितलं की तुम्ही दुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढलंत ते ओढलंतच, हात कापतात म्हणता आणि दिवसभर भिंतीकडं बघत बसता. भिंतीत काही बिघाड सापडला तर कळवा. तुमचे दादा गेल्यापासून इकडं फिरकला नाहीत, त्याचा मला राग नाही. काही मोडल्याशिवाय तुम्ही कुणाचा उंबरा ओलांडल्याचं मला आठवतच नाही. आमच्या लग्नातही तुम्ही मांडवात आलात ते लाऊडस्पीकर बंद पडल्यावर.

तर सांगायचं म्हणजे, दादांचा डबा गेला. (त्याला गिटारीचा अँप्लिफायर म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आपल्या घरात तो डबाच.) तुम्हीच छाती ठोकून सांगायचात, वहिनी, ह्याच्यात काचेचे व्हॉल्व्ह नाहीत, सगळं काम ट्रान्झिस्टरवर, हा आपल्याला पोचवून मग जाईल. आणि तरी मेला दर दोन-चार महिन्यांनी बंद पडायचा. मग तुम्ही पिशवी घेऊन हजर. दोघे भाऊ फरशीवर मांडी घालून, मधे डबा पोट उघडं टाकून पडलेला. तुम्ही म्हणायचात सोल्डरिंगची झाळण कच्ची, दादा म्हणायचे झाळणारा कच्चा. चहाची तिसरी फेरी झाल्याशिवाय बिघाड काही सापडायचा नाही, आणि सापडायचा तो काय, तर कुठलीशी तार सुटलेली.

ह्या खेपेचा बिघाड मात्र माझ्या हातचा. धूळ पुसताना म्हटलं बघू तरी, आणि कळ दाबली. लाल दिवा लागला. आवाजाची कळ फिरवली तर वाळूवरून चप्पल फरफटावी तशी खरखर. आता माझं शिवणाचं मशीन कुरकुरलं की मी त्याला तेल घालते आणि ते गप्प बसतं. तोच न्याय मी कळीला लावला. (तुम्ही आत्ता कपाळावर हात मारलात. कापतो म्हणता तो हात नेमका कपाळावर कसा गेला?) संध्याकाळपर्यंत खरखर गेली. मी खूश. दुसऱ्या दिवशी तेलात धूळ बसून आत चिखल झाला, आणि आवाज कमी करायला गेलं की वाढायचा, वाढवायला गेलं की तुमच्या दादांसारखा रुसायचा.

तो तसाच घुमत राहिला आणि मी शिवायला बसले. शेजारणीचा अर्धवट कोट कुठं ठेवू म्हणून डब्याच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पसरला. त्या पात्या आतली उष्णता बाहेर सोडायला असतात हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंय, पण कोटाला कुणी सांगितलं नव्हतं. जळका वास आला, डबा एकदा कण्हला आणि थंड झाला. कोट वाचला.

कोपऱ्यावरचा मोबाईलवाला बोलावला. गुणी आहे, फक्त खिशात मावत नाही अशा वस्तूकडं संशयानं बघतो. त्यानं कळ बदलली, आतले दोन मोठे ट्रान्झिस्टर जळालेत म्हणाला, ते काढले आणि नवे आणायला गेला. मागं टेबलावर ही घाण. पांढरं चिकट काहीतरी सगळीकडं माखलेलं, आणि त्यात दोन पातळ चकचकीत पापुद्रे. बाईमाणसाच्या घरात हे असं पडून राहील का? मी पांढरं पुसून लख्ख केलं आणि पापुद्रे छान दिसले म्हणून बटणांच्या डबीत टाकले. तो आठवड्यानं आल्यावर म्हणाला, मावशी, इथं काही होतं का? मी म्हटलं, घाण होती, काढली. तो बिचारा खूश झाला, म्हणाला, सगळ्या गिऱ्हाइकांनी असंच करायला पाहिजे. आणि ट्रान्झिस्टर तसेच पात्यांवर आवळून बसवले.

पण मी कुणाची वहिनी आहे. प्लग लावायला निघाला तेव्हा मी आडवी आले. म्हटलं, आमचे भाऊजी दुरुस्तीनंतर आधी वायरीत मधे बल्ब जोडून बघतात. बल्ब मिणमिणला तर आत सगळं ठीक, भगभगला तर आत शॉर्ट, आणि जळायचं ते वाचतं. तोंड वाकडं करून त्यानं जोडला. बल्ब असा भगभगला की मला सुईचं नाक चष्म्याशिवाय दिसलं.

मग आठवलं. तुम्ही एकदा म्हणाला होतात, ट्रान्झिस्टर आणि पात्या ह्यांच्यामधे अभ्रक लागतं. ते ऊब जाऊ देतं, करंट जाऊ देत नाही. दादा लगेच म्हणाले होते, म्हणजे आपली ही. (मी तेव्हा रागावले होते. आता तितकीशी नाही.) बटणांची डबी उपडी केली तर अभ्रक एकच. दुसरं शेजारणीच्या नातीच्या परीच्या झग्यावर टाचून दिलेलं, आणि परी नाटक करून झगा फाडून मोकळी. मोबाईलवाल्यानं हात टेकले. तेव्हा डबा आता कायमचा बसला, असं धरून चाला. मी त्याच्यावर उशी ठेवून स्टूल केलंय. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, भिंतीकडं बघा.

धाकटीला आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. स्टूल जरा उंच झालंय. सहज आलात तर मीटर आणि सोल्डरिंग घेऊन या.

आणखी एक ता. क. मोबाईलवाल्यानं दुसऱ्याच दिवशी नवं अभ्रक आणलं, ते पांढरं मलम लावून बसवलं. बल्ब अगदी शहाण्यासारखा मिणमिणला. मी गिटारीची एक तार छेडली, खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. म्हणजे दादा वाजवायचे तेव्हासारखंच सगळं ठीक.

शेवटचं ता. क. त्यानंतर मी आतली एक तार स्वतः सोडवून ठेवलीय. कुठली ते सांगणार नाही, मोबाईलवाल्यालाही ताकीद आहे. भाऊजी, एवढ्या मजबूत डब्याला सारखा बिघाड होतो, हे तुम्हाला इतकी वर्षं खरं वाटलं? तुमची आठवण आली की दादांना नुसतं ये म्हणायची लाज वाटायची. मग माझ्याकडं स्क्रूड्रायव्हर मागायचे. मला शपथ घातली होती, ती त्यांच्याबरोबर गेली. हात कापत असेल तर तुम्ही बोट दाखवा, सोल्डरिंग मी धरते, सुई ओवून हात बसलाय माझा. घरात मोडलेलं आहे. आता या.