सम्नरला उतरलेला काँगा

६ जून
बाथरूममध्ये पुन्हा वाळू! कालची वेगळी होती, ही ताजी. साम्राज्यं अशाच दुर्लक्षित कणांपायी लयाला जातात, असं जेवताना गंभीरपणे बजावलं. ऋग्वेदा म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट सँड."
मुलीचं नाव वेदावरून ठेवलं, उत्तर इंग्रजीत येतं. असो. प्रश्न तरी मराठीत विचारता येतो. हिची आई आशालता गेल्यापासून परदेशातल्या या घरात मराठी कळणारं माणूस एवढंच.

१४ जून
वाळूचं उगमस्थान सापडलं — सम्नरच्या किनाऱ्यावरची बोटी ठेवायची जुनी शेड. तिथे हिचा बँड गाणं रेकॉर्ड करतोय. लॅटिन रॉक म्हणे. ही गाते, मातेओ नावाचा चिलीचा मुलगा काँगा बडवतो. उभट ढोल, हातांनी वाजवायचा.
"गाणं झालं की आम्ही चिलीला जाणार. फॉर अ इयर, मे बी मोअर." वरणात मीठ कमी आहे, हे सांगावं तसं सांगितलं.
मी म्हटलं, "स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'मस्त, हरकत नाही'. मी! हे म्हटलं!

१५ जून
वरण करपलं.

२२ जून
फार्मसीला सुट्टी. "चल ना, बाबा," म्हणाली, म्हणून शेडवर गेलो. लाटांचा आवाज माइकमधून काही केल्या हटत नाही. म्हणून कोरसच्या आधी सगळे एक लाट फुटेपर्यंत थांबतात. याला यती म्हणतात, मंदाक्रान्तेत असते, अशी मौलिक माहिती मी पुरवली. "हीप्स कूल, बाबा." उपहास असावा.
मातेओ मात्र वैतागलेला. खाऱ्या दमट हवेनं कातडं सैल पडलेलं. "लाइक अ वेट टॉवेल, अंकल!"
मला राहवेना. आमच्याकडे हलगी शेकतात. मी ते लांबून पाहिलेलं, आव मात्र तज्ज्ञाचा. काँगा आडवा करायला लावला, इथल्या जूनच्या थंडीसाठी ठेवलेला हीटर पुढे ओढला. "तापव, अजून तापव! घाबरतोस काय!" त्याच्याशी मराठीत बोलतोय, हे नंतर लक्षात आलं. त्याला कळलं मात्र!
टणटणीत वाजला. मी छाती काढून उभा. दुसऱ्या कडव्यापर्यंत हवेनं माझी विद्या धुऊन काढली — आवाज उतरत उतरत शेवटी घोगरा, ओला. मी माफी मागणार, तोच मातेओ ओरडला, "कीप इट! दॅट्स द टाइड गोइंग आउट!"
खरंच, ओहोटीसारखंच वाटत होतं. तेच ठेवलं.

३ जुलै
गाडीत गाणं ऐकवलं. माइक तेव्हा चालूच होता म्हणे; सुरुवातीलाच माझा आवाज — "तापव, अजून तापव!"
"काढून टाक गं ते."
"नो वे." मग खिडकीबाहेर बघत, चक्क मराठीत — "तो आवाज मला तिकडे पाहिजे."


१९ जुलै
विमानतळावर सोडून आलो. जँडल्स, म्हणजे किनाऱ्यावरच्या रबरी चपला, इथेच विसरली.

२० जुलै
बाथरूम स्वच्छ. तक्रार नाही.
फार्मसीत दिवसभर बोलत होतो, मराठीत एक शब्द नाही. घरी येऊन गाणं लावलं. आज कानावर मराठी पडली ती तेवढीच — माझीच.
वाळूचं सोडा. आता बोलायला कोणी नाही, आणि हळूहळू मला त्याची सवय होईल. याची भीती वाटते.