डीडलसने पंख टांगले, मी नाही

सांगली, २८ सप्टेंबर २००७

चि. मनोहर यास,
पद्मिनीताईचे अनेक आशीर्वाद.

तू केलेल्या ग्लायडरवरून पडून आपला ईशान गेला, त्याला अजून सहा महिनेही झाले नाहीत. घरात वर्षभर सणवार नाही, तेव्हा यंदा खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडू नकोस. पूजाच काय, ती करवत, ते शिवणयंत्र पुन्हा काढूच नकोस. स्वानंदी फोनवर म्हणाली, दादासारखी मीपण उडणार. पोर वेडी आहे, तू तरी शहाणा हो. तुझ्या हातातल्या कलेचं मी गावभर कौतुक केलं, आता त्याच हातांची भीती वाटते.

शरयूला जप, आईचं काळीज आहे तिचं. या म्हातारीवर राग धरू नकोस.
तुझी ताई

रेडमंड, अमेरिका, २२ ऑक्टोबर २००७

ती. ताईस,
मनोहरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

राग आला, पण तुझ्यावर रागावून जाणार कुठे?

स्वानंदीने मला एक ग्रीक पुराणकथा वाचायला दिली. डीडलस नावाच्या कारागिराने मेणाने पिसं जोडून स्वतःला आणि मुलाला पंख केले. बापाने बजावूनही मुलगा सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं, पोरगा समुद्रात पडला. बापाने आपले पंख देवळात टांगून टाकले. सगळे म्हणतात, मुलाने ऐकलं नाही. माझं डोकंच फिरलं. ईशानने माझं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं, वारा फिरला. पस्तावा मला रोज होतो, ताई. तो वर एकटा होता आणि मी खाली थर्मास घेऊन उभा होतो, हे मरेपर्यंत सलणार. पण पंख केले याचा पस्तावा मी करणार नाही. किती मिरवायचा तो त्यांना!

तेव्हा खंडेनवमीला गॅरेजमध्ये पूजा झाली. तुझं ऐकलं नाही. शरयू इतके महिने तिकडे फिरकली नव्हती, पण हळदकुंकू तिनेच आणलं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून तिघं नुसते बसून रडलो. दसऱ्याला मात्र मी नव्या पंखांसाठी स्वानंदीच्या खांद्यांचं माप घेतलं. ट्रेनिंग कम्प्लीट केल्याशिवाय फ्लाय करणार नाही, असं आत्याला कळवायला तिने बजावलंय.

रागव हवं तेवढं, माया मात्र कमी करू नकोस.
तुझा मनोहर

सांगली, ६ नोव्हेंबर २००७

चि. मनोहर,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. माझ्या शब्दाला तुझ्या घरी किंमत नाही, हे कळलं. माझ्या अनिलला तिकडे यायचं तिकीट काढायला सांगितलं आहे.

पोरीला एकटीला वर पाठवायचं नाही. तुझ्याही खांद्यांचं माप घे. खाली मी उभी राहीन.

तुझी ताई