तिसऱ्या बादलीचं पाणी

प्रिय विलास,

गावी असते तर 'अहो' लिहिलं असतं. पण कतारमधल्या फरीज बिन ओमरानच्या या फ्लॅटमध्ये तू कायम 'तू'च होतास, म्हणून तसंच लिहिते.

तुला जाऊन दोन उन्हाळे झाले. एवढ्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही, मग आजच का? तर येत्या गुरुवारी आमच्या शाळेत पालकांची सभा आहे. अकरावी-बारावीला आपल्या बोर्डाऐवजी आंतरराष्ट्रीय डिप्लोमाची पद्धत घ्यावी का, याचा शाळा विचार करतेय. मी तिथे फिजिक्सची टीचर म्हणून उभी असेन आणि दहावीतल्या मुक्ताची आई म्हणून बसलेलीही असेन. आपलं मूल पहिल्या तुकडीत येणार की नाही, हे पालकांनी सभेत सांगायचंय. पुरेशी मुलं मिळाली तरच शाळा पुढे जाणार.

आणि तू तर मुक्ताचं कधीच ठरवून ठेवलंयस. दहावी झाली की लातूर, आता तिथेच असलेल्या तुझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या घरी राहायचं, क्लास लावायचा, डॉक्टर व्हायचं. तू ते बोललास तेव्हा मी "बघू" म्हणाले होते. "त्यात बघायचंय काय?" असं तू म्हणालास. मग बघायला तूच राहिला नाहीस आणि तुझं ते बोलणं घरात 'बाबांची इच्छा' होऊन बसलं. जिवंत नवऱ्याच्या मताशी भांडता येतं. गेलेल्याच्या इच्छेशी कसं भांडायचं, सांग ना?

तू असतास तर आधी विचारलं असतंस, "पण त्यात नेमकं शिकवतात काय?" ऐक मग. सायन्स घेतलं तरी साहित्य सुटत नाही. प्रत्येक मुलानं स्वतःला पडलेल्या प्रश्नावर भलामोठा निबंध लिहायचा. शिवाय एक तास असा, की आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, यावर फक्त बोलायचं. मला आधी हसूच आलं. वर्षानुवर्षं मी 'हे लक्षात ठेवा, हे पेपरात येतं' असं सांगत आले, आणि आता हे! पण वाचत गेले तशी गोडी लागली. मधल्या सुट्टीत डबा तसाच राहायला लागला.

स्टाफरूममध्ये रोज तोच विषय. मॅथ्सचे थॉमस सर म्हणतात, "मॅडम, सब अच्छा है, लेकिन एन्ट्रन्स का क्या?" केमिस्ट्रीची आपली रत्नागिरीची शाहीन काय म्हणाली असेल? "अगो, पोरांना प्रश्न विचारायला शिकवशील, पण घरी गेल्यावर त्यांना उत्तरं देणार कोण? मी नाय हो." तुझ्या अण्णांना फोनवर सांगितलं तर ते घाबरलेच. "अगं वैशाली, एवढी हुशार पोरगी अन् तिला डिप्लोमाला घालतीस? बारावी तर करू दे!" त्यांना वाटलं पॉलिटेक्निक. समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

ठरवण्याआधी शाळेनं एक चाचणी घेतली. बाहेरून एक सल्लागार बाई आल्या होत्या, शांत आणि चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी दहावीच्या मुलांना थर्मामीटर दिले आणि सांगितलं, घरातल्या पाण्याबद्दल तुम्हाला खरोखर पडलेला एक प्रश्न घ्या आणि आठवड्यात उत्तर शोधा.

आपल्या मुलांनी काय केलं असेल, ओळख बघू. सगळ्यांचा प्रश्न एकच, सगळ्यांचे आकडे सारखे, अगदी दशांशापर्यंत! कुणी मदिना खलीफात राहतं, कुणी वकऱ्याला, कुणाची टाकी उन्हात, कुणाची सावलीत. पण व्हॉट्सॲपवर एका मुलानं टाकलेलं 'बरोबर' उत्तर सगळ्यांनी उतरवलं होतं. बाईंनी वह्या चाळून विचारलं, "तुमच्या सगळ्यांच्या बिल्डिंगला एकच टाकी आहे का?" थॉमस सरांनी छताकडे पाहिलं, मी जमिनीकडे. प्रॅक्टिकलची जर्नल आपण अशीच भरली होती ना रे? आधी उत्तर, मग त्याला जुळतील असे आकडे. त्यात आपल्याला काही वावगं वाटायचंच नाही.

मुक्ताची वही तेवढी वेगळी निघाली. ती काही फार प्रामाणिक आहे म्हणून नव्हे, तिचा फोन शाहीनकडे जप्त होता म्हणून. पण त्यामुळे तिला खरंच मोजावं लागलं.

इथला उलटा कारभार तूच तर मला पहिल्या उन्हाळ्यात शिकवला होतास. गच्चीवरची टाकी तापते, म्हणून थंड नळाला चटका देणारं पाणी येतं. मग गीझर बंद ठेवायचा. त्यात साठलेलं पाणी एसीच्या घरात दिवसभरात निवतं आणि गरम नळातून गार पाणी येतं. मुक्तानं ठरवलं, हे गार पाणी किती जणांना पुरतं ते बघायचं. संध्याकाळी ती एकेक बादली भरून थर्मामीटर बुडवत बसली. पहिली बादली छान गार. दुसरी कोमट. तिसरीला थेट टाकीचं पाणी, हात घालवेना.

दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत. मी विचारलं, "झालं ना आता?" तर म्हणाली, "आई, वेट. बाबा ऑलवेज थर्ड होते ना?"

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हात थांबले.

रास लफानच्या प्लँटची बस तुला सोडायची तोवर आमच्या दोघींच्या आंघोळी उरकलेल्या असायच्या. तू घामानं निथळत यायचास आणि थेट बाथरूममध्ये जायचास. एकदा मी म्हटलंही होतं, "आज आम्ही थांबतो, तू आधी कर." तू म्हणालास, "नको, मला कढतच बरं वाटतं. अंग मोकळं होतं." आणि मी विश्वास ठेवला. फिजिक्स शिकवणारी बाई मी! आणि तू दिवसभर प्लँटमध्ये तापमानाचीच यंत्रं बघणारा माणूस. तुला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

मुक्ता तेवढ्यावर थांबली नाही. तिनं अण्णांना फोन लावला आणि तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "मोठे बाबा, बाबांना गरम पाणी आवडायचं का?"

अण्णा हसले. "कशाचं गरम पाणी? तुझा बाप, इल्या, थंडीत बी आडाच्या पाण्यानं आंघूळ करायचा. आई पाणी तापवून ठिवायची, ते मी वापरायचो."

फोन ठेवल्यावर मुक्ता माझ्या कुशीत शिरून रडली. मीही रडले. का नाही सांगितलंस? एक दिवसाआड पाळी लावली असती, त्यात काय एवढं होतं? इतकी वर्षं आम्हाला गार पाण्यात ठेवून तू हसत हसत खोटं बोललास, याचा राग आला मला. अजून आहे.

पण खरा प्रश्न तिनं दुसऱ्या दिवशी विचारला. चहाच्या कपात बिस्किट बुडवत, अगदी सहज. "आई, बाबा म्हणायचे लातूर वॉज द बेस्ट. तेही असंच असेल का?"

मला कुठे माहीत होतं? तुझ्या लातूरच्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्यात. पहाटेचे क्लास, रोजची टेस्ट, भिंतीवर लागणारी रँक. तू त्या हसत सांगायचास. तुला तिथे आवडत होतं का, हे मी कधी विचारलंच नाही. मग या वेळी फोन मी लावला.

अण्णा म्हणाले, "अकरावीत दोनदा पळून आलता गावाकडं घरला. दुसऱ्या बारीला मीच सायकलवर घालून परत नेऊन सोडला. सगळ्या वाटंनं एक शबूद बोलला न्हाई." मग म्हणाले, "पण त्या वर्षानंच तो घडला, वैशाली. न्हाईतर कुठलं कतार अन् कुठलं काय. हे बी लिहून घे म्हणावं पोरीला."

हेही खरंच आहे. त्या लातूरवरच आपलं घर उभं आहे, मी ते विसरलेले नाही. त्यामुळे मला वाटलं होतं तसं सोपं उत्तर काही मिळालं नाही. तू सोसलंस, एवढं कळलं. पण जे तुला फळलं तेच तिला मिळावं असं तुला मनापासून वाटत होतं, की दुसरी वाट तुला कुणी दाखवलीच नव्हती? खरंच विचारतेय रे. आज तुला ही नवी पद्धत समजावून सांगितली असती तर तू काय म्हणाला असतास? मला वाटतं आधी नाक मुरडलं असतंस, आणि मग आठवडाभर माझं डोकं खाल्लं असतंस. किंवा कदाचित ऐकूनही घेतलं नसतंस. मला खात्री देता येत नाही, आणि कुणाला देता येईल असं वाटतही नाही.

काल मी मुक्ताला म्हटलं, "तुला काय हवंय ते सांग. गुरुवारी मी तेच सांगेन." मला वाटलं, लगेच डिप्लोमा म्हणेल. ती म्हणाली, "मला माहीत नाही. आधी लातूर बघू दे. तिथल्या मुलींशी बोलते, मग सांगते." मराठीत म्हणाली, सबंध वाक्यं. शाळेनं थांबायची तयारी दाखवली नाही तर पहिल्या तुकडीतली तिची जागा जाईल, हेही तिला सांगितलं. "जाऊ दे," म्हणाली.

म्हणून गुरुवारी टीचर म्हणून मी या पद्धतीच्या बाजूनं बोलणार आहे, आणि आई म्हणून उभी राहून सांगणार आहे की माझ्या मुलीचं अजून ठरलेलं नाही. लोक हसतील. थंडीच्या सुट्टीत तिला घेऊन लातूरला जाईन. ती तिथे शिकते म्हणाली तर दहावी झाल्यावर ठेवून येईन, आणि परतीच्या विमानात तुझ्या नावानं रडेन. नको म्हणाली तर इथेच ठेवीन आणि अण्णांचा राग सोसेन.

पण एक वचन देते. 'तुझ्या बाबांची इच्छा होती' असं मी तिला यापुढे कधीही म्हणणार नाही. अण्णांनाही म्हणू देणार नाही. तुझी इच्छा काय होती हे आपल्या घरात कुणालाच कधी कळलं नाही, तू कळूच दिलं नाहीस. तिची मात्र मी कळून घेईन.

तुझी,
वैशाली